नॅन्सीचे कागद आणि एक शार्क

९ सप्टेंबर १७९९ रोजी जमैकातल्या किंग्स्टन शहरी व्हाइस ॲडमिरल्टी कोर्टात एक दावा दाखल झाला. वादी होता ‘स्पॅरो’ या ब्रिटिश आरमारी कटरचा प्रमुख, लेफ्टनंट ह्यू व्हायली. प्रतिवादी कोणी माणूस नव्हता, जहाज होते: ‘नॅन्सी’ नावाची ब्रिग, तिच्या तोफा, दोरखंड, सामानसुमान, दारूगोळा, माल आणि रोकड यांसकट. जप्तीच्या दाव्यांत जहाजालाच कोर्टात उभे करायची रीत होती. गुन्हा कोणी केला हा तिथे प्रश्नच नसे. हे लाकूड आणि हा माल शत्रूचा की नाही, एवढेच ठरवायचे असे. दाव्याचे कागद किंग्स्टनच्या इन्स्टिट्यूट ऑफ जमैकाकडे आले आणि तिथे त्यांना ‘शार्क पेपर्स’ हे नाव पडले. आपल्याकडे जुन्या रुमालांना वाळवी लागते. या दप्तराचा काही भाग शार्कच्या पोटातून निघालेला आहे.

गोष्ट इतकी चटकदार आहे की गेल्या सव्वादोनशे वर्षांत ज्याने सांगितली त्याने पदरचे थोडे घातलेच. म्हणून आधी तारखा आणि नावे असलेला भाग घ्यावा, दंतकथा मागाहून पाहावी.

नॅन्सी १२५ टनांची अमेरिकी ब्रिग. ३ जुलै १७९९ रोजी तिने बाल्टिमोर बंदर सोडले. कप्तान टॉमस ब्रिग्ज, मुक्काम क्युरासाव. मालक जन्माने जर्मन, पण अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेले. क्युरासाव हे बेट डचांचे, आणि सगळी मेख तिथेच होती. १७९५ साली फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये शिरल्या, तिथे फ्रान्सच्या कलाने चालणारे बटाव्हियन प्रजासत्ताक उभे राहिले आणि डच व्यापारी इंग्लंडच्या लेखी शत्रू ठरले. अमेरिका या युद्धात तटस्थ होती. तटस्थाचे जहाज आणि तटस्थाचा माल समुद्रावर पकडता येत नसे. शत्रूचा माल मात्र खुशाल पकडावा. मग शत्रूच्या व्यापाऱ्याने काय करावे? आपला माल एखाद्या अमेरिकनाच्या नावावर चढवावा, कागद त्याच्या नावाचे करावेत आणि जहाज अमेरिकी निशाणाखाली सोडून द्यावे. खऱ्या हिशोबाचे कागद वेगळे असत, दाखवायचे वेगळे. बेनामी व्यवहार म्हटले की मराठी वाचकाला यापुढे काही समजावून सांगायला नको.

नॅन्सी क्युरासावहून निघाली, अरूबाला लागली आणि तिथून हैतीच्या नैऋत्य टोकाजवळच्या ईल-आ-व्हाश या बेटाच्या रोखाने वर चालली. बाल्टिमोरला परतणाऱ्या जहाजाने तिकडे का जावे? उत्तर असे की वावटळीत मुख्य डोलकाठीचा वरचा भाग मोडला आणि दुरुस्तीसाठी जवळचा किनारा गाठणे भाग पडले. खरेच मोडला असेलही. पण त्या काळच्या जप्तीच्या खटल्यांत वादळ, मोडकी डोलकाठी आणि संपलेले पाणी ही कारणे इतक्या वेळा येतात की ती वाचताना आपोआप भुवई वर जाते. त्यात त्या उन्हाळ्यात हैतीच्या, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच सँ-दोमँगच्या, दक्षिण किनाऱ्यावर आंद्रे रिगो याचा अंमल होता आणि उत्तरेकडून तूसाँ लुव्हर्त्युर त्याच्याशी लढत होता. इंग्रज आणि अमेरिकन दोघांनीही तूसाँशी व्यापाराचा समझोता केलेला. रिगोच्या बाजूला माल नेणारे जहाज दोघांच्याही डोळ्यांत खुपणारे होते. शिवाय १७९८ पासून अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यानेच फ्रेंच मुलखाशी व्यापार बंद केला होता.

२८ ऑगस्टला स्पॅरोने नॅन्सीला गाठले. व्हायलीने कागद पाहिले. ब्रिग्जने जे पुढे केले ते सगळे अमेरिकी होते आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरीही संशयावरून त्याने जहाज ताब्यात घेतले आणि आणखी एका पकडलेल्या अमेरिकी जहाजासोबत जमैकाच्या पोर्ट रॉयल बंदराकडे रवाना केले. दाखवण्याजोगे नव्हते ते कागद कटर जवळ येईपर्यंतच्या वेळात समुद्रात गेले असणार. असले कागद टाकताना त्यांना शिशाचे वजन बांधायचा प्रघात होता, म्हणजे ते तळ गाठत. या पुडक्याने तळ गाठला नाही.

३० ऑगस्टला हैतीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या जॅकमेलसमोर ‘फेरेट’ नावाचे छोटे आरमारी जहाज फिरत होते. पोर्ट रॉयलला नांगरून असलेल्या ‘ॲबरगॅव्हेनी’ या मोठ्या जहाजाचे ते टेंडर, म्हणजे त्याच्या दिमतीचे टेहळणी जहाज. त्याचा प्रमुख मायकेल फिटन, हंगामी लेफ्टनंट. फेरेटच्या खलाशांनी एक शार्क पकडला, तो डेकवर घेतला आणि पोट फाडले. आत कागदांचे पुडके निघाले.

खलाशी शार्क का पकडत, हे थोडे सविस्तर पाहायला हवे, कारण ते नुसते भूक भागवणे नव्हते. आपल्या कोळणीच्या पाटीतली मुशी खाण्यासाठी असते आणि तिचे कालवण फर्मास होते. अटलांटिकवरच्या खलाशाला शार्कशी हिशेब चुकता करायचा असे. खाऱ्या डुकराच्या मांसाचा गोळा मोठ्या गळाला लावायचा, गळाला साखळी, कारण दोर दातांनी तुटतो. मासा लागला की शेपटीमागे फास टाकून चार-सहा जणांनी ओढून वर घ्यायचा आणि आधी कुऱ्हाडीने शेपूट तोडायची, नाहीतर ती माणसाचा पाय मोडते. पोट उघडून पाहणे हा त्या खेळाचा शेवटचा अंक. शार्क काय काय गिळतो याबद्दल पैजा लागत. म्हणजे फेरेटवर त्या दिवशी पोट फाडले गेले यात योगायोग काही नव्हता. योगायोग फक्त आत काय निघाले याचा.

आणि हा वैरभाव एकतर्फी अज्ञानातून आलेला नव्हता. कॅरिबियनमधल्या बंदरांत शार्क एवढे का जमतात हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेल्या जहाजांतून रोज प्रेते खाली टाकली जात. अलेक्झांडर फाल्कनब्रिज या माणसाने अशा जहाजांवर डॉक्टर म्हणून सफरी केल्या आणि १७८८ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध साक्षीसारखे एक पुस्तक लिहिले. बॉनी नदीत गुलामांच्या जहाजांभोवती प्रचंड आकाराचे शार्क झुंडीने फिरतात आणि टाकलेली प्रेते किती चपळाईने फस्त करतात, हे त्याने डोळ्यांनी पाहून नोंदवले आहे. हे शार्क जहाजांमागून महासागर ओलांडतात असा खलाशांचा पक्का समज होता. १७८५ साली किंग्स्टनहून आलेल्या एका बातमीत तक्रार आहे की गिनीच्या किनाऱ्याहून आलेल्या जहाजांनी इतके शार्क मागे आणले की पाण्यात आंघोळीला उतरणे धोक्याचे झाले. तक्रार आंघोळीची आहे. शार्क कशाच्या मागे आले हे बातमी लिहिणाऱ्याला माहीत होते, वाचणाऱ्यालाही माहीत होते, आणि त्याबद्दल एक शब्द खर्च करायची कोणालाही गरज वाटली नाही. याच विषयावर १७९२ साली ब्रिटनमध्ये एक उपरोधी पत्रक निघाले होते: आफ्रिकेच्या शार्कांनी पार्लमेंटला अर्ज केला आहे की गुलामांचा व्यापार बंद करू नये, आमच्या पोटावर पाय येईल. त्याचे लेखकत्व जेम्स टायटलर या स्कॉटिश माणसाकडे दिले जाते.

फेरेटच्या डेकवर मरून पडलेला शार्क आला तो या पाण्यातून. जहाजावरून खाली पडणारी वस्तू म्हणजे अन्न, ही सवय माणसांच्या जहाजांनी दोन शतके पडू दिली होती. नॅन्सीवरून पुडके पडले तेव्हा ते कोणीतरी गिळणे यात नवल थोडेच. मालकांच्या दुर्दैवाने गिळणारा दोन दिवसांत गळाला लागला.

कागद वाचता आले कसे, हा प्रश्न हमखास येतो आणि काहींनी त्याच कारणाने सगळी गोष्टच थाप ठरवली आहे. पण १७९९ चा कागद म्हणजे आजचा लाकडाच्या लगद्याचा कागद नव्हे. तो जुन्या सुती-तागी चिंध्यांचा असे, आणि ओला झाला तरी विरघळत नसे. शाई मायफळ आणि हिराकसाची. वाळली की ती तंतूंत शिरते आणि पाण्याने सहजी निघत नाही. दुसरी गोष्ट पोटाची. शार्कच्या जठरातून आतड्यात जाणारी वाट फार अरुंद असते. मोठी, न विरघळणारी वस्तू तिथून पुढे सरकतच नाही. ती जठरात पडून राहते किंवा उलटून बाहेर टाकली जाते. सिडनीत १९३५ साली याचा भयंकर पुरावा मिळाला. १७ एप्रिलला पकडलेला एक टायगर शार्क कूजीच्या मत्स्यालयात ठेवला होता, त्याने २५ एप्रिलला, प्रेक्षकांसमोर, माणसाचा हात ओकला. हातावर दोन मुष्टियोद्ध्यांचे गोंदण होते आणि ते पाहून हात कोणाचा हे ओळखता आले. हात दातांनी नव्हे, सुरीने तोडलेला होता. खुनाचा खटला उभा राहिला आणि आरोपी सुटला. आठ दिवसांनी गोंदण ओळखता येत असेल, तर दोन दिवसांनी अक्षरे वाचता यावीत यात अशक्य काही नाही.

अंतराची शंकाही तशीच. जॅकमेल आणि ईल-आ-व्हाश यांच्यात साधारण १२० किलोमीटर समुद्र आहे. मोठ्या शार्कला दोन दिवसांत तेवढे काटणे जड नाही, आणि नॅन्सी तर ईल-आ-व्हाशला पोचण्याआधीच पकडली गेली होती.

आता दंतकथा. तिच्यात व्हायली आणि फिटन यांची जहाजे एकमेकांजवळ येतात आणि फिटन व्हायलीला न्याहारीला बोलावतो. डेकवर ओले कागद वाळत पडलेले असतात. व्हायली सहज सांगतो की परवा नॅन्सी नावाची अमेरिकी ब्रिग धरली. फिटन म्हणतो, तिचे कागद माझ्याकडे आहेत. व्हायली बुचकळ्यात पडतो: कागद तर मी मोहरबंद करून तिच्याबरोबरच पाठवले. फिटन सांगतो, ते दाखवायचे. खरे हे इथे वाळताहेत. प्रसंग झकास आहे, संवादही खलाशांच्या तोंडचा वाटतो, आणि न्याहारी झालीच नसेल असे म्हणायला माझ्याकडे कारण नाही. पण दंतकथेचा दुसरा भाग, जो जास्त लोकप्रिय आहे, तो न्याहारीशी जुळत नाही. त्यात कोर्ट नॅन्सीला सोडून देण्याच्या बेतात असते, कप्तान हसत असतो, आणि ऐन वेळी फिटन कागद घेऊन दारातून आत येतो.

तारखा मांडून पाहा. कागद सापडले ३० ऑगस्टला. दावा दाखल झाला ९ सप्टेंबरला. त्यानंतर १४ सप्टेंबरला नॅन्सीच्या बाजूने कैफियत आली: जहाज तटस्थ आहे, ते सोडून द्यावे आणि खर्चही वादीवर टाकावा. निकाल लागला २५ नोव्हेंबरला. न्याहारीची हकीकत खरी धरली तर दावा दाखल करतानाच व्हायलीला शार्कच्या पोटातल्या कागदांची खबर होती. मग ऐन वेळची एन्ट्री उरत नाही. उरते ते जास्त थंड डोक्याचे आहे. आपले कागद समुद्राच्या तळाशी आहेत या भरवशावर नॅन्सीच्या बाजूची माणसे सप्टेंबरात शपथेवर तटस्थता सांगत होती, आणि शपथ घेतली जात असताना तेच कागद पलीकडच्या बाजूच्या पेटीत होते. ते शपथेवर बोलले आणि अडकले. मला तर ही मांडणी नाटकातल्या दारापेक्षा अधिक खरी वाटते, कारण वकील मंडळी अशीच वागतात.

शार्कला कोर्टात आणणे मात्र सोपे नव्हते. कागद कुठून आले हे कोणीतरी शपथेवर सांगितल्याशिवाय ते नुसते भिजलेले कागद होते. ते काम फिटनच्या प्रतिज्ञापत्राने केले: सोबत जोडलेले कागद अमुक दिवशी, अमुक ठिकाणी पकडलेल्या शार्कच्या पोटात मिळाले. सगळी मजा या एका सरकारी थाटाच्या वाक्यात आहे. त्यात आश्चर्य नाही, विनोद नाही. जणू शार्क म्हणजे एखादे कपाट.

आणि एवढे करूनही निकाल त्या एका पुराव्यावर टेकलेला नव्हता. नॅन्सी पोर्ट रॉयलला आल्यानंतर तिची झडती झाली, आणि कप्तानाच्या खोलीत व खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या पिंपात दडवलेले आणखी कागद सापडले. म्हणजे ब्रिग्जने थोडे टाकले होते आणि थोडे लपवले होते. हे साहजिक आहे: सगळे टाकले तर क्युरासावच्या व्यापाऱ्यापुढे हिशेब कसा द्यायचा? इंग्रजी कायद्यात कागद समुद्रात फेकले म्हणून जहाज आपोआप बुडीत जात नसे. संशय वाढे, आणि त्या संशयाला दुसरा आधार लागे. तो पिंपाने दिला. पोटातले कागद, खोलीतले कागद आणि पिंपातले कागद एकत्र वाचून कोर्टाने २५ नोव्हेंबर १७९९ रोजी नॅन्सी आणि तिचा माल कायदेशीर युद्धलूट ठरवला. पिंपाची आठवण कोणी ठेवली नाही, यात काही नवल नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांना हा खटला इतका का आवडला हे समजण्यासारखे आहे. तटस्थांच्या खोट्या शपथांवर ते वर्षानुवर्षे धुमसत होते. फिटनने त्या शार्कचा जबडा जपून ठेवला, आणि सांगतात की तो जमैकात उभारताना सोबत पाटी लावली: तटस्थांना शपथ घेताना गळ्यात घालायला ही कॉलर लेफ्टनंट फिटन सुचवतो. १८०५ साली जेम्स स्टीफन या वकिलाने तटस्थ निशाणाखालच्या लबाड्यांवर ‘वॉर इन डिसगाइज’ नावाचे एक गाजलेले पुस्तक लिहिले. हा स्टीफन सेंट किट्स बेटावर वकिली करून आलेला, गुलामगिरीचा कट्टर विरोधक आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीचा नेता विल्बरफोर्स याचा मेहुणा. म्हणजे कॅरिबियन समुद्रात जहाजांवरून काय काय खाली टाकले जाते, हे ज्याला दोन्ही अर्थांनी माहीत होते असा माणूस.

पण म्हणून वादीची बाजू धुतल्या तांदळासारखी होती असे नाही. या बेटांवरच्या ॲडमिरल्टी कोर्टांची अमेरिकेत फार बदनामी होती. १७९३ च्या अखेरीस निघालेल्या एका हुकमानंतर ब्रिटिशांनी शेकडो अमेरिकी जहाजे वेस्ट इंडीजमध्ये धरून आणली होती आणि त्यातून युद्धाची वेळ आली होती. न्यायाधीशाचे उत्पन्न खटल्यांच्या फीवर चाले. जितकी जहाजे येतील तितकी फी. धरणाऱ्याला लुटीत वाटा. अशा कोर्टात तटस्थ कप्तान खोटे बोलत, आणि खरे बोलणाऱ्याचेही जहाज जाई. नॅन्सीच्या बाबतीत कोर्ट बरोबर होते, एवढेच कागद सांगतात.

पुढे या गोष्टीने दोन वाटा धरल्या. मायकेल स्कॉट या स्कॉटिश व्यापाऱ्याने जमैकात बरीच वर्षे काढली होती. त्याने ‘द क्रूझ ऑफ द मिज’ या कादंबरीत हा प्रसंग वापरला आणि तिथून तो जगभर गेला. खरे कागद किंग्स्टनलाच राहिले. १८९१ पासून इन्स्टिट्यूट ऑफ जमैकाचा सेक्रेटरी आणि ग्रंथपाल असलेल्या फ्रँक कंडॉलने ते वाचून १९१५ च्या आपल्या ‘हिस्टॉरिक जमैका’त खटल्याची हकीकत दिली. पिंपाचा उल्लेख त्यात येतो, कादंबरीवाल्यांना त्याचा उपयोग नव्हता. जबडा लंडनला गेला आणि व्हाइटहॉलमधल्या रॉयल युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या संग्रहालयात ठेवला गेला. ते संग्रहालय १९६२ साली बंद झाले आणि त्यातल्या वस्तू पांगल्या.

फिटनची बढती या शार्कने झाली नाही. तो हंगामी लेफ्टनंटच राहिला, टेंडरांवर फिरत, खासगी लुटारू जहाजे धरत. पक्का लेफ्टनंट झाला तो १८०४ साली, तेही क्युरासाववरच्या हल्ल्यातली कामगिरी कळवण्यासाठी खलिता घेऊन ॲडमिरलकडे गेल्यावर. म्हणजे ज्या बेटापासून नॅन्सीची भानगड सुरू झाली, त्याच बेटाने त्याला हुद्दा दिला. १८०६ मध्ये एक फ्रेंच लुटारू जहाज पकडल्याबद्दल लॉइड्सच्या निधीतून त्याला मानाची तलवार मिळाली. त्यापुढे तो चढला नाही आणि १८५२ साली लेफ्टनंट म्हणूनच वारला.

नॅन्सीच्या पैशाची वाटणी मात्र ठरलेल्या नियमाने व्हायची होती. युद्धलुटीचे आठ भाग: तीन कप्तानाचे, त्यातला एक ठाण्याच्या ॲडमिरलला, पुढचे तीन वेगवेगळ्या दर्जाच्या अधिकाऱ्यांत, उरलेले दोन बाकी सगळ्या खलाशांत मिळून. १७९९ साली जमैका ठाण्याचा ॲडमिरल होता सर हाइड पार्कर. किंग्स्टनच्या कोर्टातून जे जे जहाज लूट ठरून निघे, त्याचा एक अष्टमांश त्याच्याकडे जाई, आणि १८०० साली तो जमैकाहून परतला तेव्हा आरमारातल्या धनाढ्य माणसांत त्याची गणना होत होती.